दहावीचा इतिहास घोकण्यापलीकडे कसा न्यावा? सल्ला हवा आहे

प्रश्न (पालक, नाशिक)
माझी मुलगी राज्य मंडळाच्या दहावीत आहे. सातवीत शिवकाल आवडीने वाचणारी ही मुलगी आता व्हॉल्टेअर, रांके, फुको या इतिहासलेखनावर विचार मांडणाऱ्या युरोपीय विचारवंतांची नावे नुसती घोकते आणि ‘विधान सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की पाठ केलेला परिच्छेद जसाच्या तसा उतरवते. आणखी एखादे गाईड घ्यावे, की शिकवणी लावावी?

उत्तर (निवृत्त शिक्षक)
तूर्त दोन्ही नकोत. दहावीचे पुस्तक राजांच्या हकिगती सांगत नाही. इतिहास कसा लिहिला जातो आणि त्याचा उपयोग कोठे होतो, हे ते सांगते, आणि नेमके हेच मुलांना कोणी समजावत नाही. आपण नाशिकला राहता, तेव्हा पहिला पाठ पांडवलेण्यांतच शिकवता येईल. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि त्याने क्षहरातांचा, म्हणजे शत्रू असलेल्या शक क्षत्रपांच्या घराण्याचा, उच्छेद केला, असे त्यात म्हटले आहे. हा लेख कोणाचा, असे मुलीला विचारावे. तो राजाच्या आईचा आहे, आणि तोही नातवाच्या राजवटीतला. मग त्यातील स्तुतीवर विश्वास कितपत ठेवायचा? येथे दुसरे साधन उपयोगी पडते. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभीला चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर, म्हणजे क्षहरात राजा नहपानाच्याच नाण्यांवर, गौतमीपुत्राने आपला ठसा उमटवलेला आढळला. विजयाचा दावा त्यामुळे बळकट होतो. तीन समुद्रांचे वर्णन मात्र प्रशस्तीच राहते. एवढे कळले की मूळ साधने तपासण्यावर रांकेने भर का दिला, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

उत्तर (शिकवणी घेणाऱ्या, पुणे)
सरांचे म्हणणे मान्य आहे, तथापि उत्तरपत्रिकेत जोगळटेंभीला गुण नाहीत, आणि पेपरच्या ४० गुणांत राज्यशास्त्रही येते. मुलीने धडा वाचून पुस्तक मिटावे, विधानाची दोन-तीन कारणे स्वतःच्या शब्दांत लिहावीत आणि प्रत्येक कारणापुढे धड्यातलेच एक उदाहरण द्यावे. वृत्तपत्रांचा मुद्दा आला तर ‘दर्पण’, १८३२, बाळशास्त्री जांभेकर, एवढे पुरते. गाईड असेलच घरात, तर त्यातले प्रश्न घ्यावेत आणि उत्तरे झाकावीत. आणखी एक गोष्ट: मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो २०१८ च्या पुस्तकात नाही, ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनाच्या धड्याशेजारी तिने तो लिहून ठेवावा.

प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. येत्या रविवारी लेण्यांकडे जाऊ. तो लेख तिला वाचता येईल का?

उत्तर (निवृत्त शिक्षक)
येणार नाही, तो ब्राह्मी या प्राचीन लिपीत आहे. त्याचा मराठी अनुवाद ग्रंथालयातून मिळवून तिच्या वहीत आधीच उतरवून घ्यावा, आणि दावा कोणता व स्तुती कोणती, हे तेथे उभे राहून तिनेच पेन्सिलीने अधोरेखित करावे.