मदत हवी आहे: सॉफ्टवेअरच्या साइटवर स्कीमा घातला, रेटिंगपाशी अडले

नमस्कार. मी इंदूरची. इथल्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या घाऊक कापड व्यापाऱ्यांसाठी विंडोजवर चालणारं बिलिंग सॉफ्टवेअर केलंय. तागे, मीटर आणि उरलेले तुकडे, सगळ्यांचा हिशेब त्यात राहतो. साइट मराठीत नि हिंदीत आहे. मुख्य पानावर जेसन-एलडीत (स्कीमा, म्हणजे सर्च इंजिनला पानावरची माहिती सांगणारा कोड, लिहायची एक पद्धत) ‘सॉफ्टवेअरॲप्लिकेशन’ प्रकार घेऊन नाव, ऑपरेटिंग सिस्टिम, किंमत भरली.

गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये (शोधनिकालात तारे, किंमत अशी जादा माहिती दिसू शकेल का, ते तपासणारं साधन) ‘प्राइस’वर चूक दिसते. पानावर आहे तसंच ‘₹ ६,५००’ लिहिलं होतं. शिवाय ‘ॲग्रिगेटरेटिंग’ (सगळ्यांचं मिळून सरासरी रेटिंग) किंवा ‘रिव्ह्यू’ यांपैकी एक मागतंय. साइट बांधून देणारा मुलगा म्हणाला, ‘४.८ तारे आणि १२० अभिप्राय टाका, सगळे टाकतात.’ माझे ग्राहक १९ आहेत. ज्यांनी विश्वासाने अख्ख्या पेढीचा हिशेब माझ्याकडे आणला, त्यांना हा आकडा दिसला तर काय सांगू? काहींनी व्हॉट्सॲपवर मनापासून लिहिलंय, पण तारे कुणी दिले नाहीत. ते वापरता येईल? आणि स्वतःच्या साइटवरचे अभिप्राय गुगल धरत नाही, हे खरं का?

प्रतिसाद: ताई, १२० मुळीच टाकू नका. खोटं रेटिंग पकडलं गेलं तर गुगल मॅन्युअल ॲक्शन (माणसाने तपासून केलेली कारवाई) घेतं आणि पानाचे रिच रिझल्ट्स बंद होतात. स्वतःच्या साइटवरच्या अभिप्रायांचा तो नियम २०१९चा आहे, पण ‘लोकलबिझनेस’ आणि ‘ऑर्गनायझेशन’ या प्रकारांपुरता. सॉफ्टवेअरला तो लागत नाही. व्हॉट्सॲपच्या मजकुराला तुम्ही स्वतः तारे लावू नका. ग्राहकांकडूनच घ्या, आणि मार्कअपमध्ये (त्या कोडमध्ये) आहे ते पानावरही वाचता आलं पाहिजे. तोवर रेटिंगशिवाय राहू द्या. तारे दिसणार नाहीत, बाकी मार्कअप वाया जात नाही.

किंमतीचं सोपं आहे. आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत. स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढा, चलन ‘प्राइसकरन्सी’त ‘आयएनआर’ म्हणून वेगळं द्या. पानावर दिसणारी किंमत देवनागरीतच ठेवा, तिला काही होत नाही.

धागाकर्ती: किंमतीची चूक गेली, खूप आभार! अभिप्रायाचा छोटा फॉर्म करून सगळ्यांना पाठवला, तिघांचे आलेही. पण तिघांनीही स्वतःच्या नावाऐवजी पेढीचं नाव लिहिलंय. बाजारात तीच रीत. ‘ऑथर’मध्ये (अभिप्राय कुणाचा, ते लिहायची जागा) चालेल?

प्रतिसाद: चालेल. ‘ऑथर’चा प्रकार ‘पर्सन’ऐवजी ‘ऑर्गनायझेशन’ ठेवा, आणि नाव त्यांनी लिहिलंय तसंच.