दुनहुआंग-तुर्फान: द्राक्षबागायतदार वडिलांना घेऊन जायचंय

पिंपळगावची लेक:
नमस्कार मंडळी. आमचे आप्पा सत्तरीला टेकलेत, निफाड तालुक्यात बाग आहे. पांडवलेणी, अजिंठा, वेरूळ सगळं पालथं घालून झालं, आता चीनच्या वाळवंटातली, दुनहुआंगजवळची मोगाओ लेणी बघायचीच असा हट्ट धरलाय. माझा बेत असा: शिआन, जियायुग्वान, दुनहुआंग, तुर्फान, काशगर. गोडी छाटणी (द्राक्षाची फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची) सुरू व्हायच्या आत घरी परतायचं, त्यात तडजोड नाही. आप्पा माळकरी, आणि गुडघे कुरकुरतात. ऑगस्टअखेर निघालो तर चालेल का?

गंगापूररोडकर:
ताई, काशगर आधी कापा. तुर्फानहून पुढे हजार किलोमीटरच्या वर आहे, तेवढ्यासाठी बाकीच्याची धावपळ होईल. जियायुग्वानचा किल्ला वाटेत अर्ध्या दिवसात होतो.

सगळा बेत मोगाओच्या तिकिटाभोवती आखा. मुख्य तिकिटं दिवसाला ६०००च, पासपोर्ट नंबरावर, महिनाभर आधी ऑनलाइन मिळतात. त्या तिकिटावर आठ लेणी दाखवतात; ही मुख्य तिकिटं संपली की दुसऱ्या तिकिटावर चारच. चित्रं असलेली लेणी ४९२, त्यातली कुठली आठ ते गाईड ठरवणार. कुलूप काढतो, बॅटरी मारतो, पुन्हा कुलूप. आत फोटो नाही.

आप्पांना एक आधीच सांगून ठेवा. तिथला दगड आपल्यासारखा काळा कातळ नाही, वाळू-गोट्यांचा ठिसूळ थर आहे, त्यात मूर्ती कोरता येत नाही. अजिंठ्यातही चित्रांखाली मातीचा गिलावाच आहे, पण मूर्ती कातळातल्या. इथं मूर्तीही लाकूड-गवताच्या सांगाड्यावर मातीच्या, वरून रंगवलेल्या. इ.स. ३६६ ला काम सुरू झालं आणि माती अजून टिकून आहे, कारण हवा कोरडी. १७ नंबरच्या कोठडीपाशी गाईडचा आवाज जरा चढतो: १९०० साली तिथं हजारो पोथ्या सापडल्या आणि १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन हा ब्रिटिश पुरातत्त्व संशोधक त्यातल्या पेट्या भरभरून घेऊन गेला. इ.स. ८६८ ची छापील वज्रच्छेदिका (बौद्ध सूत्राची पोथी) आज लंडनला आहे ती तिथलीच.

वाळूचे डोंगर आणि चंद्रकोरीचं तळं दुनहुआंग गावाला लागूनच आहे. संध्याकाळी जा. गर्दी नाशिकच्या कुंभाची, फक्त उंट जास्त.

पण आप्पा खरे रमतील तुर्फानला. दुनहुआंगहून गाडीने लिउयुआनला या (दोनेक तास), तिथून वेगवान रेल्वे. पाऊस वर्षाला जेमतेम १६ मिलिमीटर, आणि तरी जिकडे तिकडे द्राक्षं! पाणी येतं तिएनशान डोंगरातलं, जमिनीखालून खणलेल्या कारेझ नावाच्या बोगद्यांतून. नुसत्या उतारावर वाहतं, पंप नाही, वीजबिल नाही. बोगद्याच्या वर ओळीनं विहिरींसारखी भोकं दिसतात, खणताना माती काढायला आणि पुढे गाळ उपसायला. आमच्या गटातल्या एका बागायतदार काकांनी तिथं गाईडचं डोकं खाल्लं: खोली किती, गाळ कोण काढतं, पाळी कशी लावतात?

बेदाण्याची घरंही दाखवा. कच्च्या विटांची, भिंतभर जाळी सोडलेली, आत घड टांगलेले. आपण लवकर वाळावेत म्हणून घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतो. तिथल्या जुन्या पद्धतीत गरम वारा आणि सावली एवढंच, महिनाभर लागतो, रंग हिरवा राहतो.

ऑगस्टअखेर काढणी चालू असते, म्हणजे तुमची वेळ उत्तम. ऊन मात्र रग्गड, दुपारी बाहेर पडू नका. १ ऑक्टोबरपासूनच्या चिनी सुट्टीत तर चुकूनही जाऊ नका, छाटणी नसती तरी हेच सांगितलं असतं.

सिडकोवाला:
जेवणाचं: "मांस, मासे, अंडी, मटणाचा रस्सा चालत नाही" हे चिनी लिपीत फोनवर ठेवा. रस्सा वेगळा सांगावाच लागतो. तुर्फानला तंदूरचा नान, टरबूज, द्राक्षं भरपूर. चटण्या, ठेपले घरून न्या. अलीपे या तिथल्या पेमेंट अ‍ॅपला इथूनच कार्ड जोडा. व्हॉट्सअ‍ॅप तिथल्या वायफायवर चालत नाही, आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं. आणि पॉवर बँकवर तिथला ३सी (सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का नसेल तर देशांतर्गत विमानात नेऊ देत नाहीत.

जुनीपोथी:
तुर्फानजवळचं गाओचांग, जुन्या राजधानीचे अवशेष, सोडू नका. चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग (ह्युएन त्संग) भारताकडे येताना तिथल्या राजानं त्याला ठेवूनच घ्यायचं ठरवलं. यानं अन्नपाणी सोडलं तेव्हा कुठं राजा वरमला. तोच माणूस पुढे चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. त्यानं वर्णिलेली राजधानी म्हणजे नाशिकच, असं काही अभ्यासक मानतात. वाद आहे, पण नाशिककरांनी का सोडावा?

पिंपळगावची लेक:
काशगर कापलं! आप्पांनी कारेझचं वाचल्यापासून मोगाओ दुसऱ्या नंबरवर गेलंय. गुडघ्यांचं मात्र कुणीच बोललं नाही.

गंगापूररोडकर:
मोगाओला जिने आहेत, पण मध्ये मध्ये थांबत होतात. गाओचांगला आत बॅटरीची गाडी मिळते. तुर्फानजवळच्याच जिआओहेचं पडकं मातीचं शहर पायीच बघावं लागतं आणि सावली औषधालाही नाही. तिथं सकाळी उघडल्या उघडल्या जा, मधल्या मोठ्या रस्त्यानं झेपेल तेवढं चाला आणि मागे फिरा. वाळूच्या डोंगरावर मात्र आप्पांना चढवू नका, खाली तळ्याकाठी बसवा.