स्पेनमध्ये जेवणाच्या वेळा कशा जमवायच्या? (सोबत मधुमेही सासूबाई आणि दोन मुलं)

नमस्कार मंडळी,
मे महिन्यात आम्ही सहाजण स्पेनला चाललोय. आम्ही दोघं, सासू-सासरे, अकरा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. माद्रिद, सेव्हिल, ग्रनाडा, बार्सिलोना, एकूण ११ दिवस. विमान, राहायच्या जागा, तिकिटं सगळं झालंय. अडलंय जेवणापाशी. शाकाहारी काय मिळेल याची चिंता नाही, आम्ही अंडं खातो. प्रश्न आहे तो ‘कधी मिळेल’ याचा.

सासूबाईंचं सगळं घड्याळावर चालतं. साडेबाराला जेवण, रात्री आठला पान वाढलेलं. गोळी घेतली की थोड्या वेळात पोटात काहीतरी जायलाच हवं. आणि तिकडे म्हणे दुपारी दीड-दोनच्या आधी जेवण नाही, चारला स्वयंपाकघर बंद, ते रात्री साडेआठशिवाय उघडत नाही! तिकिटं काढताना हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बार्सिलोनातलं सग्रादा फॅमिलिया चर्च दुपारी १:३० ला आणि ग्रनाडाच्या अल्हाम्ब्रा किल्ल्यातल्या नासरी महालांची वेळ २:००.

घाबरायचं कारण असं, की बँकॉकला ‘आता एकच देऊळ’ करता करता आम्ही चार वाजवले होते. बोटीच्या धक्क्यावर सासूबाई एकदम गप्प झाल्या. कपाळावर घाम, पर्सची चेन काही बोटांना उघडेना. लेकीने तिच्या बॅगेतून विमानातली साखरेची पुडी काढून दिली. असल्या पुड्या जमवते म्हणून मी तिला ओरडायचे. आता ओरडत नाही.

तर तिकिटं बदलून घेऊ, की जेवणं पुढेमागे करू? मुलांना रात्री नऊपर्यंत कसं जागवतात लोक?

माद्रिदची सून:
तिकिटं राहू द्या. रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर बंद होतं, बार दिवसभर चालू असतात. इथला बार म्हणजे आपल्याकडचा बार नव्हे हो, उडपी आणि टपरी यांच्या मधलं काहीतरी. आजी-आजोबा, बाबागाडीतली बाळं, सगळे बसलेले असतात. काउंटरवर काचेखाली बटाट्याचं जाड ऑम्लेट असतं, त्याला तोर्तिया म्हणतात. ते गार किंवा कोमट कधीही मिळतं. सकाळी अकराच्या सुमाराला इथली माणसंही टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल लावलेला पाव खातात. सासूबाईंचं साडेबाराचं जेवण असं बारमध्येच उरकायचं.

अल्हाम्ब्रात वेळेचं बंधन फक्त नासरी महालांना आहे, पण तिथे मात्र ती चुकवून चालत नाही. आत चालणं भरपूर आहे आणि खायची सोय बेताची, त्यामुळे डबा हवाच. मूळ पासपोर्ट सगळ्यांचे बरोबर ठेवा. सग्रादाहून तीनला निघालात तर साडेतीनच्या आत कुठेतरी टेबल पकडा, नंतर ‘किचन बंद’ ऐकावं लागेल.

आणि दुपारचं जेवण मोठं करा. सोम ते शुक्र बऱ्याच ठिकाणी ‘मेनू देल दिया’ असतो, ठरावीक पैशात दोन पदार्थ, पाव आणि शेवटी गोड किंवा कॉफी. फक्त भाजी किंवा डाळ मागवताना ‘हामोन (म्हणजे हॅम, डुकराचं मांस) नको’ हे आधीच सांगा. भाजीत हॅमचे तुकडे टाकून वर ‘व्हेज आहे’ म्हणणारे भेटतील.

घड्याळबाबा:
एक गोष्ट सगळे विसरतात. मे महिन्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. सासूबाईंचं साडेबाराचं पोट तिथे सकाळी नऊलाच ओरडणार आणि रात्री आठचं दुपारी साडेचारला. म्हणजे नेमकं स्वयंपाकघरं बंद असताना. पहिले तीन-चार दिवस हेच होईल. गोळ्यांच्या वेळा निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आपल्या मनाने सरकवू नका.

पुरीभाजी:
तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, मेतकूट न्या. पण पेढे, बर्फी, खव्याचं काही नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. दही तिथेच सुपरमार्केटमध्ये घ्या, रविवारसाठीचं मात्र शनिवारीच. बार्सिलोना, सेव्हिल, ग्रनाडात रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार. बार म्हटल्यावर सासरे आधी दचकले, मग म्हणाले, ‘बघू तरी.’

घड्याळबाबा, तुमचा हिशोब सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मग साडेचारला घरी येऊन भात लावायचा, त्यात काय एवढं?’ माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. दुपारी मुक्कामी परत, वरणभात, थोडं पडायचं, आणि सहा-साडेसहाला पुन्हा बाहेर. तिकडे नऊपर्यंत उजेड असतो म्हणे. प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, तेही यात बसेल.

सेव्हिल आणि बार्सिलोनाला फ्लॅटच आहे. माद्रिद-ग्रनाडाची हॉटेलं अजून रद्द करता येतात, तिथेही स्वयंपाकघरवाली जागा शोधते. आता एकच सांगा, तिकडच्या शेगड्या इंडक्शनच्या असतात का? आमचा दोन लिटरचा कुकर ॲल्युमिनियमचा आहे.