मदत हवी आहे: वर्गात क्विझ रंगते, ओळखी मात्र होत नाहीत

नमस्कार मंडळी,
मी बडोद्यात एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात ७२ मुलं. निम्मी शहरातली, इंग्रजी माध्यमाची. बाकीची डभोई, पादरा, छोटा उदेपूरकडची, बसने ये-जा करणारी. दोन महिने झाले तरी डावीकडच्या मुलींना उजवीकडच्यांची नावं माहीत नाहीत.

म्हणून मोबाइलवरची क्विझ सुरू केली. पहिल्या दिवशी धमाल. 'आज कसं वाटतंय?' विचारलं, तर पडद्यावर सगळ्यात जास्त जणांनी लिहिलेला म्हणून सगळ्यात मोठा शब्द उमटला 'भूख'. (तास साडेबाराचा, त्यांचं तरी काय चुकलं!) पण त्या ॲपमध्ये लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. बसवाल्या मुली इंग्रजी प्रश्न दोनदा वाचेपर्यंत पुढचे बाक जिंकून मोकळे. गेल्या आठवड्यात मागे एक जण फोन ओढणीखाली धरून बसली होती. मला वाटलं, चॅटिंग चाललंय. जवळ गेले तर काच तडकलेली आणि नेट संपलेलं. तेव्हापासून ते ॲप मलाच उघडवत नाही.

तरी बंद करायचं नाहीये. एरवी गप्प बसणारी मुलं निदान बटण तरी दाबतात. कोणी काही वेगळं केलंय का? प्रोजेक्टर आहे, वायफाय नावापुरतं, पैसे नाहीत.

प्रतिसाद १
ताई, मी इंदूरला फिजिक्स शिकवतो. प्लिकर्स हे ॲप बघा. मुलांना फोन लागतच नाही. प्रत्येकाकडे कोड छापलेलं कार्ड. ए, बी, सी, डीपैकी जी बाजू वर धरली ते उत्तर. तुम्ही आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा.
पण ओळखी कार्डांनी होणार नाहीत. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१पासून करत आले तसं करा: मत घ्या, उत्तर फोडू नका. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असली, की वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला पटवायला सांगा, मग पुन्हा मत. शेजारी एकाच गटातले असतील तर सगळं फुकट, म्हणून जागा तुम्हीच बदला. वाद गुजरातीत घालू द्या.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
दादा, आभार! जागांवरून रुसवेफुगवे होणार, ते बघून घेईन. कार्डं लॅमिनेट करू का?

प्रतिसाद ३
केलीत तर मॅट करा. चकचकीत असली की ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा वाचत नाही. आणि कोडवर बोट येऊ देऊ नका, आमच्याकडे पहिले दोन तास त्यातच गेले.