जर्मनीतली पहिली दिवाळी आणि खालच्या मजल्यावरच्या आजी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे यंदा एप्रिलपासून आम्ही स्टुटगार्टला राहतोय. लेक चार वर्षांची आहे. घराची नोंदणी, विमा, बालवाडी ही कामं मार्गी लागली. आता मदत हवी आहे ती दिवाळीसाठी, आणि त्याहून जास्त आमच्या खाली राहणाऱ्या आजींसाठी.

आजी ऐंशीच्या घरातल्या, एकट्याच असतात. आम्ही घरी नसलो की आमची पार्सलं त्या घेऊन ठेवतात. इथे 'केअरवोखे' नावाची पद्धत आहे. दाराच्या मुठीला तशी पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून घ्यायची पाळी आपली. मला ते आजींनीच शिकवलं. आधी कठडा, मग वरच्या पायरीपासून खाली, आणि पायरीच्या कोपऱ्यातली धूळ बोटाने फडकं दाबून काढायची. स्वतः वाकून दाखवलं त्यांनी. कुठल्या रंगाची बाटली काचेच्या कुठल्या पिंपात टाकायची, आणि रविवारी ती का टाकायची नाही (आवाज होतो म्हणून), हेही त्यांनीच सांगितलं.

एवढं असूनही मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी गेलेले नाही, आणि त्याही आमच्याकडे कधी आलेल्या नाहीत. मी सांगलीची. आमच्याकडे शेजारच्या काकू भाजीची वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात यायच्या. इथला सगळा स्नेह जिन्यातच सुरू होतो आणि जिन्यातच संपतो. मला हे फार लागतं. दिवाळीचं निमित्त करून त्यांना घरी बोलवायचं, असं मी मनाशी पक्कं ठरवलंय.

अडचण अशी की यंदा नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी, ८ नोव्हेंबरला आलंय आणि तो रविवार आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवारी तर दिवसभरच. मग पहाटेच्या अभ्यंगस्नानाचं काय करायचं? इमारत जुनी आहे, नळ सोडला की खालपर्यंत ऐकू जातं. दाराबाहेर रांगोळी काढली आणि पणत्या ठेवल्या तर चालेल का? चकलीच्या तळणाचा वास जिन्यात पसरला तर कोणी तक्रार करेल का? लेक फुलबाज्यांसाठी हटून बसली आहे.

आणि मुख्य प्रश्न. फराळाचं ताट घेऊन आजींची बेल वाजवली तर त्यांना आवडेल, की संकोच वाटेल? बोलवायचं तर कसं, किती आधी आणि काय खायला द्यायचं? इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

ताई, मी याच भागात पंधराएक वर्षं आहे. आधी सोपं ते सांगतो. ८ नोव्हेंबरला तुमच्याकडे सूर्योदय सव्वासातच्या पुढे आहे. सहा वाजून गेल्यावर निवांत उठा, तेल-उटणं लावा, सूर्योदयाच्या आत अंघोळी उरकतील.

जिन्यात मात्र काहीच ठेवू नका. आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच, त्यामुळे पणत्या तर नाहीच, चपलांचा स्टँडसुद्धा बऱ्याच ठिकाणी चालत नाही. रांगोळी दाराच्या आत पाटावर काढा. पणत्या खिडकीत ठेवा, जवळ पडदा नको. आकाशकंदील बाल्कनीत खुशाल लावा, फक्त भिंतीला भोक पाडू नका. मोठे फटाके इथे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. साध्या फुलबाज्या वर्षभर मिळतात, पण त्या १२ वर्षांपुढच्यांसाठी आहेत. तुम्ही पेटवा, लेकीला लांबून बघू द्या.

तळण शनिवारी दिवसा करा. मिक्सरही त्याच दिवशी. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा सामानही शनिवारीच भरून ठेवा. तळताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा आणि झाल्यावर खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा. वास घालवायला जिन्याकडचं दार कधीही उघडू नका, तक्रार येते ती त्याचीच. उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून इतर कचऱ्याच्या डब्यात टाका.

केअरवोखेबद्दल थोडं विषयांतर. स्टुटगार्टने शहराचा तो नियम १९८८ सालीच काढून टाकला. आता जे चालतं ते भाडेकरारामुळे आणि तुमच्या आजींसारख्या माणसांमुळे. त्यांनी वाकून पायरी पुसून दाखवली, म्हणजे तुम्हाला त्यांनी इमारतीत आपलं मानलं आहे.

प्रतिसाद

बोलावण्याबद्दल मी सांगते. अचानक ताट घेऊन जाऊ नका. दोन आठवडे आधी एक छोटं कार्ड लिहून त्यांच्या टपालपेटीत टाका. त्यात तारीख, वेळ आणि दिवाळी म्हणजे काय ते दोन ओळींत. रविवारी चार वाजता बोलवा. इथे कॉफी आणि केकची ती ठरलेली वेळ असते. पाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे त्या असतानाच दिवे लावता येतील. चार म्हणजे चार हं, ताटं आधीच मांडून ठेवा.

फराळातलं बेसनाचा लाडू, शंकरपाळे, करंजी द्या. चकली कमी तिखटाची करा. चिवड्यात शेंगदाणे आहेत, लाडवात काजू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून ताटाशेजारी ठेवा. इथली माणसं ॲलर्जीचं आवर्जून विचारतात.

सगळ्यात महत्त्वाचं, आग्रह करू नका. त्या एकदा 'नको' म्हणाल्या की खरंच नको असतं. आणि उलटही तितकंच खरं. त्यांनी कधी काही देऊ केलं आणि तुम्ही भिडेपोटी 'नको' म्हणालात, तर त्या दुसऱ्यांदा विचारणार नाहीत. घ्यायचं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा.

कार्डात एक ओळ घालता येईल. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्यांच्या पिढीला ते ठाऊक असण्याची शक्यता आहे, बोलायला विषय मिळेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! कार्ड टाकलं. आज सकाळी जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, नक्की येते, सफरचंदाचा केक करून आणू का? मी काही ठरवायच्या आत लेकीनेच जर्मनमध्ये 'हो' सांगून टाकलं. आता शेवटचा प्रश्न : त्या केक आणणार असतील तर मी गोडाचे प्रकार कमी करू का?

प्रतिसाद

करंजी राहू द्या, बाकीचं गोड डब्यात भरून त्यांना घरी न्यायला द्या. डबा परत करायला त्या स्वतः वर येतील.