'बंद केले', 'बंद झाले' की 'गेले'?

कोराकागद:
विमान अपघातांच्या तपासावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि एका क्रियापदापाशी तीन दिवस अडलोय. एअर इंडियाच्या विमानाचा अहमदाबादचा अपघात १२ जून २०२५चा, त्याचा प्राथमिक अहवाल १२ जुलैला आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (इंधन चालू) 'कटऑफ'वर (इंधन बंद) गेल्याचं त्यात आहे. मूळ क्रियापद 'ट्रान्झिशन्ड'. कोणी केलं की आपसूक झालं, याचा त्या शब्दात मागमूस नाही.

मी आधी 'स्विच बंद केले' असं लिहिलं. बायकोने वाचलं आणि लगेच विचारलं, "कोणी?" मग 'बंद झाले' केलं, तर यंत्र बिघडलं असा अर्थ निघतो. 'बंद केले गेले' मला मराठीच वाटत नाही, आणि त्यातही कर्ता असतोच, फक्त पडद्याआड. दोन वैमानिकांच्या नावाला डाग लागेल की नाही, हे माझ्या क्रियापदावर ठरणार असेल तर मला ते घाईने निवडायचं नाही. तटस्थ राहायची काही सोय आहे का आपल्याकडे?

पारवा:
'कटऑफवर गेले' लिहा. तुम्ही स्वतःच वर तसं लिहिलंय. 'वीज गेली' म्हणताना ती कोणी घालवली हे आपण कुठे सांगतो?

सांजवात:
पारवा, 'वीज गेली' यात माणूस नसतोच, म्हणून ते चालतं. हे स्विच धक्क्याने सरकणारे नाहीत. आधी ओढून खाचेतून वर उचलायचे, मग दुसऱ्या जागी न्यायचे, अशी त्यांची घडण. 'गेले' वाचून वाचक 'आपोआप गेले' असंच समजणार.

मराठीत एक फार सुंदर सोय आहे: 'हातून'. 'मी कप फोडला', 'कप फुटला' आणि 'माझ्या हातून कप फुटला'. तिसऱ्या वाक्यात हात आहे, पण हेतू नाही. लहानपणी आई 'तू फोडलास की तुझ्या हातून फुटला?' असं विचारायची आणि त्यावर शिक्षा ठरायची. पण इथे 'हातून' लिहिलं तर निकालच दिल्यासारखं होईल, म्हणून तेही नको. मी सुचवत नाहीये, फक्त आठवलं ते सांगितलं.

मोडीप्रेमी:
'स्विचांची स्थिती बदलली.' बस्स.

कारण 'बदलणे' दोन्हीकडे चालतं. 'हवा बदलली' आणि 'त्याने सदरा बदलला', रूप एकच. 'भरणे'चंही तसंच. 'फुटणे-फोडणे', 'तुटणे-तोडणे' यांत मात्र भाषा आपल्याला बाजू घ्यायला लावते. तुम्हाला हवी ती संदिग्धता 'बदलली'मध्ये मूळ शब्दाइतकीच आहे.

शब्दनिष्ठ:
चर्चा चांगली चालली आहे, पण 'स्विच' सगळ्यांनी निमूट स्वीकारला याचं वाईट वाटतं. 'खटका' हा जिवंत शब्द आहे. आणि 'अहवाल'ऐवजी 'वृत्तांत' का नको? अहवाल अरबी आहे.

पारवा:
अरबी आहेच, आणि म्हणून तर तो सोडू नये! अहवाल हे 'हाल'चं अनेकवचन. 'अफवा'ही अरबीच, तिथे तोंडाला जो शब्द आहे त्याचं अनेकवचन. म्हणजे एकीकडे अनेक तोंडं, दुसरीकडे अनेक हाल. विमान पडलं की पहिल्या तासात तोंडं येतात, हाल यायला महिने लागतात. १९९६ साली न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए ८०० हे अमेरिकन प्रवासी विमान पडलं, २३० माणसं गेली. 'क्षेपणास्त्राने पाडलं' ही वावडी लगेच उठली. मधल्या इंधनटाकीत स्फोट झाला होता, हे सांगणारा अंतिम अहवाल यायला २००० साल उजाडलं.

आणि शब्दनिष्ठ, 'खटका' मलाही आवडतो, पण 'वैमानिकांमध्ये खटका' असं कुठे छापून आलं तर वाचक भांडण समजेल.

शब्दनिष्ठ:
संदर्भाने अर्थ कळतो. वापरलाच नाही तर रुळणार कसा? पन्नास वर्षांपूर्वी 'विमानतळ'ही कोणाला तरी नवा वाटला असेलच.

कोराकागद:
'बदलली' जवळजवळ पटलंय, धन्यवाद. पण त्याच्यापुढचं वाक्य आणखी अवघड आहे. अहवालानुसार एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो की त्याने कटऑफ का केलं, आणि दुसरा सांगतो की आपण केलं नाही. हा सारांश आहे, शब्दशः संवाद नाही. कोण विचारतो तेही दिलेलं नाही. मराठीत मात्र कित्येक ठिकाणी ते अवतरणात आलं: "तू बंद का केलंस?"

आता 'केलंस' म्हटलं की वरिष्ठ कनिष्ठाला विचारतोय. 'केलंत' म्हटलं की उलटं. अहवालाने जे सांगितलं नाही ते आपल्या एका 'स' आणि 'त'ने सांगून टाकलं.

सांजवात:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगावर काटा आला. बातमी वाचताना कॅप्टनच विचारतोय असं मी धरून चालले होते, आणि का, ते आत्ता कळलं.

उंबरठा:
माफ करा, पण एवढा कीस कशाला? लोकांना जे समजायचं ते समजतातच. इतकी माणसं गेली आणि आपण 'स' आणि 'त' मोजतोय.

मोडीप्रेमी:
उंबरठा, तुमचं दुःख समजतं. पण या क्षेत्रात शब्दांनी माणसं गेली आहेत. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट. धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर. एका विमानातून 'आता आम्ही टेकऑफला आहोत' अशा अर्थाचं वाक्य गेलं. म्हणजे धावायला लागलोय की थांबून परवानगीची वाट बघतोय? मनोऱ्यातून आधी 'ओके' आलं. ५८३ मृत्यू. त्यानंतर रेडिओवर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, हा दंडक झाला.

आंतरराष्ट्रीय नियमांतही अशा तपासाचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे: पुढचे अपघात टाळणे, दोष वाटणे नव्हे. आपल्याकडे मात्र क्रियापदांची रांग बघा. अटकळ बांधतात, तर्क लढवतात, अंदाज वर्तवतात, ठपका ठेवतात. 'कारण'ही आपण 'शोधतो' त्याहून जास्त 'काढतो'.

दूरदेशी:
धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. माझी मैत्रीण गुजराती. त्या दिवशी मी तिला मराठी बातमी पाठवली, 'विमान अपघात'. तिचा फोन आला तेव्हा आवाज कापत होता. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. वैमानिकाबद्दल काहीही ठरलेलं नसताना मी तिला काय पाठवून बसले! त्यांच्याकडे अपघाताला 'अकस्मात' म्हणतात.

पारवा:
'अकस्मात'! कस्मात् म्हणजे कशामुळे, अकस्मात् म्हणजे 'कशामुळे' हेच नसलेलं. ज्याचं कारण शोधायला तपास बसतो त्याचं नावच 'विनाकारण'. कन्नडमध्ये मात्र आपल्यासारखाच 'अपघात', आणि तेलुगूत 'प्रमादम्'. आपण प्रमाद म्हटलं की चूक आलीच.

शब्दनिष्ठ:
मग 'दुर्घटना' योग्य. त्यात घात नाही, प्रमाद नाही.

सांजवात:
दुर्घटना हिंदीतून आपल्या वृत्तवाहिन्यांवर घुसलाय. अपघातात 'घात' आहे तो मला तरी कधी ऐकू आला नाही. मुद्दाम केलेल्याला आपण 'घातपात' म्हणतोच की. १९८५च्या एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानाच्या घटनेला अपघात म्हणत नाही कोणी, तिथे बॉम्ब होता.

शब्दनिष्ठ:
दुर्घटना संस्कृत आहे, हिंदीच्या मालकीचा नाही.

पारवा:
संस्कृत असेल, पण मराठीत तो कुठल्या दाराने आला हेही बघायला हवं.

उंबरठा:
मघाशी रागात लिहिलं. माझा मुद्दा वेगळा होता, तो नीट मांडता आला नाही. मला सलतो तो 'ठार'. '२४१ प्रवासी ठार'. मुळात त्यात प्रवासी २२९, बाकी १२ कर्मचारी, आणि जमिनीवरची १९ माणसं तर धरलेलीच नाहीत. माझा एक नातेवाईक रस्त्यावर गेला तेव्हा छापून आलं होतं, 'एक ठार'. आजोबांनी ते कात्रण कधी ठेवलं नाही. 'ठार' मारतात ना? मग झाले कसे ठार?

मोडीप्रेमी:
'ठार बहिरा', 'ठार वेडा' यांतला 'ठार' म्हणजे पूर्णपणे. मला वाटतं तोच हा. पण खात्रीने सांगणार नाही, कोश बघून उद्या लिहितो.

कोराकागद:
बघाच. माझ्या लेखात तो चार ठिकाणी आहे.