एसीएल (गुडघ्यातली शीर) ऑपरेशनला पाच महिने, भाऊ जत्रेत कुस्ती करतो म्हणतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी तासगाव तालुक्यातला. इथं कुणी पैलवान, फिजिओ किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर प्लीज सांगा.

धाकटा भाऊ १९ वर्षांचा, चार वर्षं तालमीत आहे. ऑक्टोबरात मॅटवर समोरच्यानं एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढला, याचा पाय तसाच रुतलेला आणि अंग फिरलं, गुडघ्यात कट्ट आवाज आला. तालमीत पंधरा दिवस तेल चोळलं, पट्टी बांधली, सूज उतरल्यावर परत बैठका चालू, मग जिना उतरताना गुडघा सटकला तेव्हा मिरजेला नेऊन एमआरआय केला. एसीएल पूर्ण तुटलेलं आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) पण फाटलेला. ते पंधरा दिवस घालवले नसते तर मेनिस्कस वाचला असता का, हे डोक्यातून जात नाही माझ्या.

नोव्हेंबरात ऑपरेशन झालं. आता चालतो, सायकल मारतो, दुखत काही नाही. डॉक्टर म्हणतात नऊ महिन्यांच्या आत कुस्ती नाही, वस्ताद म्हणतात नी-कॅप घालून एक हलकी जोड घे, हंगाम वाया जाईल. वस्तादांचं पोरावर लई प्रेम आहे, त्यांनी स्वतः तसंच लढून दिवस काढलेत. पण बसवलेली शीर हाडात मुरायला वेळ लागतो, दुखायचं थांबलं म्हणजे ती पक्की झाली असं नाही. मी वाचलं की नऊ महिन्यांपर्यंत जेवढं थांबाल तेवढा, म्हणजे महिन्यागणिक परत दुखापतीचा धोका साधारण निम्म्यानं कमी होतो.

घरचे म्हणतात कुस्ती म्हटल्यावर लागणारच. मान्य आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सगळे खेळ मिळून १०० खेळाडूंमागं ११ जणांना दुखापत झाली होती आणि एकट्या तायक्वांदोत ३९ जणांना, म्हणजे अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात मार आहेच. पण तिथं निदान मोजतात तरी, आपल्या तालमीत कुणाचा गुडघा गेला हे कोण लिहून ठेवतं? पोरगं गाठोडं बांधून गावी जातं आणि त्याच्या जागी दुसरं येतं.

सांगली, मिरज, कोल्हापूर कुठंही कुस्ती समजणारा फिजिओ आहे का? आणि वस्तादांना दुखावल्याशिवाय हे सांगायचं कसं?

प्रतिसाद: दादा, अजिबात उतरवू नका. मी सातव्या महिन्यात मातीत उतरलो, तेच एसीएल परत तुटलं. दुसऱ्या खेपेला फिजिओकडं वस्तादांनाच घेऊन गेलो. तिथं दोन्ही मांड्यांची ताकद मोजतात, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्क्यांवर यावा लागतो, माझा ७० पण नव्हता. वस्तादांनी आकडा डोळ्यानं बघितला आणि स्वतःच म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

धाग्याचा मालक: हे पटलं, रविवारी वस्तादांना विचारतो. जत्रा वीस दिवसांवर आलीय, फिजिओचं तेवढं लवकर कळवा.